एका टेबलावर चौघी

नंदुरबारच्या मुलींच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा स्टेशनासमोर एक दुमजली हॉटेल निघालं. कापसाच्या हंगामात मुंबई-अहमदाबादचे व्यापारी तिथे उतरायचे. वरच्या मजल्यावर टेबलं-खुर्च्या, चिनी मातीची भांडी आणि सुरतेहून आणलेला स्वयंपाकी. गावातल्या लोकांना तिथला चहासुद्धा महाग वाटे, आणि बायका तर त्या जिन्याची पायरी चढत नसत.

आमच्या मोठ्या बाई त्या वर्षी निवृत्त होणार होत्या. लहानपणीच वैधव्य आलेल्या, ब्राह्मण, भावाच्या घरी राहणाऱ्या. त्यांच्या हाताखाली आम्ही तिघी: मी, शिवणाच्या बाई आणि नवापूरकडच्या डोंगरातून आलेली एक तरुण ख्रिस्ती मास्तरीण. निरोपाचं जेवण माझ्या घरी करावं असं मी सुचवलं, तेव्हा मोठ्या बाईंनी त्या मास्तरणीकडे बघून विचारलं, "आणि हिला कुठे बसवणार?"

 माझ्या सासूबाईंनी तिचं पान पडवीत वेगळं मांडलं असतं. मोठ्या बाईंच्या भावाकडेही तेच झालं असतं.

"मग हॉटेलात जाऊ," त्या म्हणाल्या.

आम्ही वर्गणी काढली आणि शनिवारी संध्याकाळी गेलो. मॅनेजरने आधी विचारलं की पुरुषमंडळी मागून येताहेत का. कोणी येत नाही म्हटल्यावर त्याने जेवण डब्यातून घरी पाठवायची तयारी दाखवली. मोठ्या बाईंनी शांतपणे सांगितलं की आम्ही बसून जेवायला आलो आहोत. त्याने खिडकीजवळचं टेबल दिलं आणि मध्ये एक पडदा ओढून घेतला.

नवापूरची बाई सवयीने कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळली. मोठ्या बाईंनी तिला हात धरून शेजारी बसवलं.

गरम पुऱ्या आल्या, कढी आली, बासुंदी आली. वाढपी आला की शिवणाच्या बाई पदर खोचून उठायलाच लागत. शेवटी तो हसून अहिराणीत म्हणाला, "तुम्ही बठी ऱ्हा, माय. वाढानं काम मन्हं शे." आम्हाला हसू आवरेना. लग्नानंतर कुणी मला गरम पुरी वाढल्याचं मला आठवत नव्हतं.

उंधियूच्या भाजीचं भांडं नवापूरच्या बाईपुढे होतं. मोठ्या बाईंना आणखी हवं होतं, तर ती भांड्याला हात न लावता वाढप्याला हाक मारू लागली.

"त्याला कशाला? तूच वाढ मला," मोठ्या बाई म्हणाल्या.

तिने जरा थांबून डाव उचलला, आणि वाढलं ते ताट भरून. मोठ्या बाईंनी त्यातलं काही टाकलं नाही. जेवता जेवता त्या तिला तिच्या गावच्या नागलीच्या भाकरीबद्दल विचारत राहिल्या. शिवणाच्या बाईंनीही मग स्वतः होऊन तिच्यापुढे वाटी धरली.

बातमी मोठ्या बाईंच्या भावाच्या घरी पोहोचलीच. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं ताट वेगळं झालं. महिन्याभरात त्यांनी शाळेजवळ एक खोली घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची चूल मांडली. आम्ही तिघी रविवारी तिकडे जेवायला जायचो. वहिनीच्या हातचं खात आलेल्या मोठ्या बाईंना स्वयंपाक फारसा येत नव्हता. कढी तर दरवेळी फुटायची. आम्ही ती वाट्या भरभरून प्यायलो, आणि त्या आम्हाला आणखी वाढत राहिल्या.