शॉट चुकल्यावर पोरगं कुठं बघतं

पहिल्यांदा घर सोडलं तेव्हा पप्पा विमानतळावर आलेच नाहीत. "पोरींची प्रॅक्टिस आहे," म्हणाले. हडपसरच्या आमच्या सोसायटीच्या गेटशी गाडी उभी, डिकीत माझ्या बॅगा, आईच्या एका हातात लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातानं डोळ्यांना पदर. आणि हे महाराज गळ्यात शिट्टी अडकवून सायकलचं कुलूप काढतायत! मी पाया पडले तर म्हणाले, "जयभीम. मागं बघत बसू नको. पळ." लेक अमेरिकेला चाललीय, आणि बोलणं असं, की मी कोपऱ्यावरून दही आणायला निघालेय.

गाडी वळताना मी मागं बघितलंच. पप्पा गेटशीच उभे होते. कपाळावर हात आडवा धरून, उन्हातून माझ्याच गाडीकडं टक लावून. मी बघितलेलं त्यांना दिसलं, आणि त्यांनी लगेच वैतागून मान हलवली, नाही-नाही अशी. त्यांची तेवढी मान हलवणंच मी बरोबर घेऊन गेले. लाडू पहिल्या आठवड्यात संपले.

हे 'पळ' प्रकरण सांगायला हवं. पप्पा महापालिकेच्या पाणीपुरवठ्यात फिटर होते. दिवसभर खडकवासल्याचं पाणी कुणाच्या नळाला येत नाही ते बघायचं, आणि संध्याकाळी मैदानातल्या सिमेंटच्या कोर्टवर पोरींना बास्केटबॉल शिकवायचा. त्यांचा एक कायदा होता. नव्या पोरीनं पहिला महिना बास्केटकडं बॉल टाकायचाच नाही. बाकीच्यांचे चुकलेले बॉल पळत जाऊन आणून द्यायचे. चुकलेला बॉल कुठं जाऊन पडतो हे आधी कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. एकदा एक वडील तावातावानं आले, "अहो सर, माझी मुलगी काय बॉल आणायला येते का इथं?" पप्पा शांतपणे म्हणाले, "मग आपण या उद्यापासून. ती टाकेल, आपण आणा." मला तर महिन्याचे दोन महिने केले होते. सरांची मुलगी ना मी!

दुसरा कायदा याहून कडक. शॉट चुकला की कुणाकडंही बघायचं नाही, वळायचं आणि आपल्या बास्केटकडं डिफेन्सला पळायचं. पोरी काय करायच्या, चुकलं की आधी कट्ट्यावर बसलेल्या आईबापांकडं बघायच्या. मीही बघायची, पप्पांकडं. "माझ्या तोंडावर काय लिहिलंय? पळ!" असे ते ओरडायचे, की पलीकडचे क्रिकेटवालेही दचकायचे.

माझ्यासारखे जे देश सोडून आले त्यांना पुढचं सांगायला नको. थंडी, भाड्याचं घर, ऑफिसात आपलं नाव प्रत्येकाच्या तोंडी वेगळं. लग्न झालं, लेक झाली, ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढता यायला लागला. तरी मीटिंगमध्ये चुकीचं काही बोलून गेले की माझी मान आपोआप वळते, आणि तिथं फक्त पाण्याचा कूलर असतो. इथल्या व्यावसायिक लीगमध्ये पहिलाच सीझन खेळणाऱ्या पोराला रूकी म्हणतात. एक सीझन झाला की तो रूकी राहत नाही, संपलं. आम्हाला ती सोय नाही. पंधरा वर्षं झाली, मी अजून दुसऱ्यांचे बॉल आणून देतेय.

आणि या रूकींवरच आमचं बापलेकीचं सगळं बोलणं चालायचं. फोनवर "जेवलीस का, बरी आहेस का" हे खातं आईकडं. पप्पा थेट विचारायचे, "कोण घेतला या वर्षी?" दर सीझनला दोघांनी एकेक रूकी निवडायचा आणि शेवटपर्यंत त्याची बाजू लढवायची, ही आमची रीत. इथं शनिवारी संध्याकाळी मॅच झाली की तिकडं रविवारची सकाळ. पप्पा चहा-खारी घेऊन टीव्हीपुढं बसायचे, आणि माझी रविवारची सकाळ उजाडली की फोनवर भांडण सुरू.

या वर्षीचा माझा पोरगा म्हणजे, सीझनआधी सगळ्या टीम पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात, त्यात पहिल्या नंबरानं निवडलेला. युरोपातल्या कुठल्याशा खेड्यातला, एकटाच आलेला, छतापर्यंत उंच आणि अंगावर मांस नाही. पप्पांनी त्याचं नाव ठेवलं 'शेवगा'. "मंडईत जुडीत बांधून विकतील त्याला," म्हणाले. पण काय खेळतो! लांबून टाकतो, समोरच्याचे शॉट हवेतच अडवतो, सगळे पेपर त्याच्यावर लिहितात. पप्पांचा पोरगा बुटका, निवडीत अगदी शेवटी उरलेला. तो ज्या शहरात वाढला त्याच शहराच्या टीमनं घेतलेला, आई पुढच्या रांगेत बसलेली. पॉइंट म्हणाल तर हाताच्या बोटांवर. पण ज्याच्या मागं लागेल त्याला सोडत नाही, म्हणून त्याचं नाव 'अडकित्ता'.

मी म्हणायची, "पप्पा, शेवगा एका क्वार्टरमध्ये जेवढे पॉइंट करतो तेवढे तुमचा आठवड्यात करत नाही." ते म्हणायचे, "पॉइंट शाळेतल्या पोरांनी मोजावेत. तुझा हरवतो किती बॉल ते बघ. आणि चुकल्यावर वर प्रेक्षकांत बघत उभा राहतो, तोवर समोरचा बास्केट करून मोकळा. माझा बघ, चुकला की आधीच निम्म्या कोर्टावर मागं." खरं होतं ते. शेवगा चुकला की वर बघायचा. मी तरीही त्याचीच बाजू घ्यायची. का घ्यायची, ते पप्पांना कळत होतं आणि मलाही.

डिसेंबरनंतर पप्पा बदलले. "तुझा पोरगा बरा आहे हं," म्हणायला लागले. मग "छान खेळला." मग तर "चुकीचा मी होतो, शेवगाच भारी." अहो, ज्या माणसानं मला दहावीत फर्स्ट क्लास मिळाल्यावर "गणितात काय झालं?" एवढंच विचारलं होतं, तो माणूस! मला वाटलं, वय झालं, विरघळले. लेक लांब आहे म्हणून जीव तुटतोय. मी नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा. सोडून आलेल्यांना ही खोडच असते, तिकडून जरा मऊ आवाज आला की आपण त्याला माया समजतो.

मग एका रविवारी म्हणाले, "सकाळी तुझा शेवगा काय खेळला! आणि चुकला तरी झकास पळाला मागं. सुधारला पोरगा."

मी हसले. "पप्पा, तो काल खेळलाच नाही. घोटा मुरगळलाय त्याचा. कोट घालून बाकावर बसला होता, सारखा दाखवत होते की टीव्हीवर."

 पलीकडून बारीक आवाजात, "हो का? दुसरा कुणी असेल मग." ज्यांना मैदानाच्या त्या टोकाची पोरगी नुसत्या चालीवरून ओळखू यायची, ते पप्पा! मग आईनं फोन घेतला आणि रडायलाच लागली.

काचबिंदू. दोन्ही डोळे. कित्येक महिने पप्पा टीव्हीपुढं नुसते बसत होते. ती घाईघाईची इंग्लिश कॉमेंट्री त्यांना निम्मीही कळायची नाही. आई मोबाइलवरचे आकडे वाचून दाखवायची. तिला बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. त्या दिवशी तिनं चुकून आधीच्या मॅचचे आकडे वाचले. आकड्यांपुढचं सगळं पप्पा मनानं रचायचे, आणि रचायचंच तर लेकीला आवडेल असं रचायचे. "तिला सांगायचं नाही, धावत येईल," असं आईला बजावून ठेवलेलं.

मी धावतच गेले. दार उघडलं तर पप्पा समोर. माझ्या खांद्याच्या बाजूला, चपलांच्या स्टँडकडं बघून म्हणाले, "बारीक झालीस." मी आल्यावर ते दर वेळी हेच म्हणतात. मी त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेले. डॉक्टर चांगले होते, समजावून सांगितलं. डोळ्याची नस वाळलीय, गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थोडी उजेडापुरती, तीही किती टिकेल सांगता येत नाही. मी आणखी दोघांना दाखवलं. सगळे तेच म्हणाले, कुणी हळू आवाजात, कुणी घड्याळाकडं बघत.

त्या रविवारी सकाळी मी मॅच लावली आणि त्यांच्या शेजारी बसून सांगायला लागले. शेवगा परत आला होता, समोर अडकित्त्याची टीम. दोघं एकाच कोर्टावर, वर्षभराच्या भांडणाचा निकाल लागणार म्हणून पप्पा सरसावून बसलेले. "अडकित्त्यानं बॉल काढून घेतला, पप्पा! पळाला, पळाला, टाकला!" पप्पांनी मांडीवर थाप मारली. मग शेवग्यानं कोपऱ्यातून टाकला.

"चुकला?"

"चुकला."

"कुठं बघितलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. ते महिनोन् महिने माझ्यासाठी बोललेच होते की. "वर बघतोय. प्रेक्षकांत."

"कोण आहे त्याचं तिथं?"

"कुणी नाही. आईबाप त्याच्या गावी."

 पप्पा म्हणाले, "मग बघू दे त्याला." जन्मात त्यांनी कुणाला ही सूट दिली नव्हती. मला पुढचं सांगता येईना. मॅच कोण जिंकलं ते दोघांनाही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी विषय काढला. माझ्याकडं चला, दोघंही. खालच्या मजल्यावर खोली करते, नात आहे, डॉक्टर आहेत. आईनं माझ्याकडं बघितलं आणि पप्पांकडं बघितलं. पप्पा म्हणाले, "इथल्या भिंती मला माहीत आहेत. जिन्याला कठडा कुठं तुटलाय ते माहीत आहे. तुझ्याकडं मी रूकी होईन गं. या वयाचा रूकी कुठली टीम घेते?" मी म्हटलं, मग मी येते परत. तर म्हणाले, "लेकीची शाळा, नवरा, सगळं टाकून? चूप बस." मी चूप बसले, कारण ते बरोबर बोलत होते. मी तिथं राहू शकत नव्हते आणि ते इथं येऊ शकत नव्हते. यातून वाट नाही. असेल असं मला अजूनही वाटत नाही.

आता सीझन संपत आलाय. बक्षीस शेवग्यालाच मिळणार, असं सगळे म्हणतात. मिळू दे. मला भांडायला कुणी नाही. घर म्हणून मी जे बरोबर घेऊन फिरत होते तो हडपसरचा फ्लॅट नव्हताच मुळी. चुकलं, मान वळवली, की तिथं बसलेला एक माणूस आपल्याकडं बघतोय आणि ओरडतोय, एवढंच माझं घर होतं. तो माणूस अजून तिथंच बसलाय.

मी परत यायला निघाले त्या दुपारी पप्पा गेटपर्यंत आले, आईचा दंड धरून. मी पाया पडले. "जयभीम," म्हणाले, आणि पुढं काहीच म्हणाले नाहीत. पळ नाही, काही नाही. कॅब विजेवरची, तिला आवाजच नाही. मी आत बसले आणि त्याच वेळी शेजारचा पाण्याच्या जारचा टेम्पो धडधडत सुरू झाला आणि उड्डाणपुलाकडं निघाला. पप्पांनी हात वर केला. टेम्पोला. तो आवाज जाईल तसतशी मान वळवत ते हात हलवत राहिले, आणि मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर काचेच्या आत. आईनं त्यांना वळवायला खांद्याला हात लावला. मी काचेतून तिला खूण केली, राहू दे.

टेम्पोचा आवाज विरला. त्यांनी हात खाली घेतला. मग मी ड्रायव्हरला निघायला सांगितलं.

वळणावर मी मागं बघितलं. चांगलं मान वळवून, बराच वेळ बघितलं. या वेळी कुणीच नाही-नाही म्हणून मान हलवली नाही.