उपकारस्तुतीची चिठ्ठी

गिरगावातल्या मराठी चर्चमध्ये मी पाळक म्हणून आलो तेव्हा मला वाटायचं, लोकांची गुपितं पोटात ठेवता आली की निम्मं काम झालं. तिसऱ्या वर्षी एक गुपित माझ्या पोटात आलं आणि तिथेच अडकून बसलं.

आमच्या मंडळीतले एक गृहस्थ परळच्या चाळीत राहायचे. वय पन्नाशीच्या पुढे, फोर्टमधल्या एका खासगी ऑफिसात हेडक्लार्क. एका मंगळवारी सकाळी मी चर्चचं दार उघडायला गेलो, तर हे पायरीवर डबा मांडीवर घेऊन बसलेले.

"आज सुट्टी वाटतं?"

"आत बसू का जरा?"

शेवटच्या बाकावर बसून त्यांनी सांगितलं. मालकाने जागा विकून ऑफिस बंद केलं, त्याला दीड महिना झाला होता. बायकोला पत्ता नव्हता; पगाराच्या तारखेला साठवलेल्यातले पैसे तिच्या हातात ठेवायचे. रोज वेळेवर डबा घेऊन निघायचे आणि दिवसभर चौपाटीवर बसायचे. आता ऊन सोसवत नव्हतं, आणि कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती वेगळीच.

"हिला कळता कामा नये, पाळकसाहेब. दुसरीकडे लागलं की मीच सांगेन. तुमच्यावर विश्वास ठेवून बोलतोय."

मी शब्द दिला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून प्रार्थनाही केली. त्या दिवशी मी खूश होतो, हे कबूल करतो. माणूस विश्वासाने माझ्याकडे आला होता.

ते रोज येऊ लागले. दोन दिवसांनी म्हणाले, "नुसतं बसवत नाही हो. काहीतरी द्या." मी फाटकी गीतपुस्तकं दिली. त्यांनी ती एकेक करून डिंकाने चिकटवली. मग बाप्तिस्म्याच्या जुन्या नोंदी नव्या वहीत उतरवल्या, मग माझी पत्रं लिहायला घेतली. अक्षर मोत्यासारखं. चर्चला कारकून हवा म्हणून मी कमिटीच्या वर्षभर मागे लागलो होतो, तो आपसूक मिळाला. सुरुवातीला मी रोज विचारायचो, "कुठे अर्ज केलात का?" पुढे पुढे विचारेनासा झालो. का, ते तेव्हा स्वतःला विचारलं नाही. आता माहीत आहे. त्यांचं लपणं माझ्या सोयीचं झालं होतं.

आम्ही चर्चच्या आवारातल्याच दोन खोल्यांत राहतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चर्चचं दार दिसतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या बायकोने विचारलं, "हे रोज इथे कसे? ऑफिस नाही का यांना?"

"वेळ बदललीय त्यांची," मी म्हणालो. इतकं सहज निघालं तोंडातून, की माझं मलाच चमकायला झालं.

रविवार तर नकोसा व्हायला लागला. उपासना संपली की पाळकाने दारात उभं राहून सगळ्यांशी हात मिळवायचा, ही आमची रीत. तिथून पळता येत नाही. यांच्या पत्नी न चुकता हात धरून म्हणायच्या, "ह्यांना हल्ली फार काम असतं हो. घरी आले की बोलतसुद्धा नाहीत. प्रार्थना करा." मी मान हलवायचो. मागे ते उभे असायचे, नजर चपलांवर. सांगावं तर शब्द मोडतो, न सांगावं तर त्या बाईंच्या तोंडावर दर रविवारी खोटं. आणि हे बोलायचं कुणाशी? सगळे माझ्याकडे बोलायला येत.

मग ती चिठ्ठी आली. आमच्याकडे कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाची मुलगी पास झाली, की लोक देवाचे आभार मानून चिठ्ठी देतात आणि पाळक ती मंडळीपुढे वाचतो. याला उपकारस्तुती म्हणतात. त्या रविवारी तिसरी चिठ्ठी उघडली. अक्षर त्या बाईंचं. 'या वर्षी इतक्यांच्या नोकऱ्या गेल्या, पण देवाने माझ्या पतीची नोकरी राखली, म्हणून उपकारस्तुती.'

मी थांबलो. समोर त्या हसऱ्या चेहऱ्याने बसल्या होत्या. शेजारी ते. चिठ्ठी कुणाची हे त्यांनी माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. गाळावी, तर बाहेर त्या विचारणार.

मी वाचली. शब्दन् शब्द वाचली. मंडळी म्हणाली, "आमेन."

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी त्यांना वही काढू दिली नाही. "भाऊ, मला हे जमणार नाही. तुम्ही ताईंना सांगा. हवं तर इथे घेऊन या, मी बसतो सोबत."

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता. मी सांगणार नाही. पण आता त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"म्हणजे सांगितल्यासारखंच की," ते म्हणाले, डबा उचलला आणि निघून गेले.

पुढच्या रविवारी दोघंही आले नाहीत. गुरुवारी दुपारी बाई एकट्या आल्या. बसा म्हटलं, तर बसल्या नाहीत.

"ह्यांनी सगळं सांगितलं. तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"आणि तरी ती चिठ्ठी वाचलीत?"

"वाचली."

"ते घाबरले होते, पाळकसाहेब. घरचा माणूस, घाबरला. तुम्ही कशाला घाबरलात?"

तेव्हा मी क्षमा मागितली. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. महिन्याभरात दोघांनी दादरच्या मंडळीत नाव नेलं. त्यासाठीचा सभासदत्वाचा दाखला मीच लिहिला, माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात. पुढे भाऊंना परळला एका सोसायटीच्या ऑफिसात काम मिळालं, असं कळलं. एका लग्नात दोघं भेटले. त्यांनी हात मिळवला, बाईंनी लांबूनच सलाम केला.

हल्ली कुणी "कुणाला सांगू नका हं" म्हणत बसलं, की ऐकण्याआधी मी म्हणतो, "सांगणार नाही. पण तुमच्यासाठी खोटं बोलणार नाही, आणि ज्याला कळायला हवं त्याला तुम्ही सांगेपर्यंत तुमच्या मागे लागणार." बहुतेक जण थोडा विचार करून बोलतात. मागच्या महिन्यात एक बाई मात्र हे ऐकून पर्स उचलून उठल्या. मी पायरीपर्यंत मागे गेलो, म्हटलं, "निदान चहा तरी घ्या." त्या थांबल्या नाहीत. काय सांगायला आल्या होत्या, ते कळलं नाही.