आल्प्समध्ये मारलेली केळीची गाठ

आल्प्स पर्वतावर मी स्वतःला आणि बायकोला एका लोखंडी खांबाला बांधून घेतलं, ते पूर्ण शुद्धीत आणि नीट विचार करून. नंतर लोकांनी (म्हणजे माझ्याच घरच्यांनी) मला सांभाळून घेतलं. कोणी म्हणालं चक्कर आली असेल, कोणी म्हणालं उंचावर हवा विरळ असते. तसं काही नव्हतं. वारा सुटला होता, आणि आमच्या बहादरपुरात, म्हणजे तापीकाठच्या केळीच्या मुलखात, वारा सुटला की बांधतात.

ज्याने केळी लावली नाही त्याला हे कळायचं नाही. केळीचं झाड दिसायला दांडगं, आत मात्र नुसतं पाणी. त्यात घड निसवून बाहेर लोंबला की पुढच्या बाजूला असं ओझं येतं की जोराची झुळूकही त्याला पुरते. म्हणून आम्ही प्रत्येक झाडाला बांबूचा टेकू देतो आणि दोरीने आवळून बांधतो. एका वर्षी मला वाटलं, चार दिवसांनी बांधू. मे महिन्यातली संध्याकाळ होती, मी बांधावर चहा पीत बसलो होतो. वारा आला. चहा संपायच्या आत सगळी बाग आडवी झाली होती. त्या दिवसापासून वाऱ्याचा आवाज आला की माझा हात आधी दोरीकडे जातो. (घरातला पंखासुद्धा मी तीनच्या पुढे करू देत नाही.)

अशा माणसाला डोंगरावर नेऊ नये. पण आमची मुलगी भारती नोकरीच्या निमित्ताने आल्प्समधल्या एका छोट्या शहरात राहते. ती फोनवर म्हणाली, "पप्पा, उन्हाळ्यात इकडेच या ना. तिकडे नुसती भट्टी तापू राह्यली. इथे मस्त आराम करा." आराम हा शब्द तिनेच वापरला होता, मी तापीमाईची शपथ घेऊन सांगतो.

गेलो तर तिच्या फ्रिजवर वेळापत्रक लावलेलं! सोमवारी सायकल, मंगळवारी तळ्यात पोहणं, बुधवारी डोंगर. शहर म्हणाल तर एका टोकाहून निघावं आणि तोंडातलं पान संपायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचावं, एवढंसं. पण चारी बाजूंनी डोंगर असे उभे, की मान वर केल्याशिवाय आभाळ दिसत नाही. तिथे ऐंशीच्या बायका हाफ पँट घालून सायकलवर चढ चढतात, आणि वर हसून नमस्कार करतात. सुट्टी म्हणजे स्वतःला दमवायचं, असा तिथला रिवाज आहे. सोमवारी मी सायकल हातात धरून नदीकाठी चार किलोमीटर चाललो. मंगळवारी तळ्यात घोट्यापर्यंत उतरलो आणि पुण्य पदरात पाडून बाहेर आलो.

बुधवार मात्र टाळता येण्यासारखा नव्हता, कारण तो जुईचा होता.

जुई म्हणजे भारतीची मुलगी, सात वर्षांची. तिच्याकडे एक छोटी वही होती. तिथल्या डोंगरांच्या माथ्यावर एका डबीत त्या डोंगराच्या चित्राचा शिक्का ठेवलेला असतो. पोरांनी चढून जायचं आणि आपल्या वहीत तो मारायचा. बारा शिक्के झाले की शाळेत सगळ्यांसमोर बिल्ला मिळतो. जुईचे अकरा झाले होते. बारावं पान तिने आमच्यासाठी रिकामं ठेवलं होतं, आणि वर्गात सांगून ठेवलं होतं की बारावा शिक्का ती तिच्या आजोबांबरोबर मारणार, जे असीरगडचा किल्ला पळत पळत चढले होते. हे तिला फोनवर मीच सांगितलं होतं. (मी असीरगडावर जीपने गेलो होतो. जीप पळत होती, तेव्हा गोष्ट अगदीच खोटी नव्हती.)

तर बुधवारी आम्ही रोपवेच्या काचेच्या पाळण्यात बसलो. दोरीला लटकलेला तो पाळणा जंगलावरून वर वर जाऊ लागला. बायकोने माझा दंड धरला आणि मी तिचा.

"आजोबा, डोळे उघडा ना, खाली गाई दिसू राह्यल्या," जुई म्हणाली.

"उघडतो बेटा. उतरल्यावर उघडतो."

वर उतरलो. तिथून माथा वीस मिनिटांवर, असं भारती म्हणाली. वाट तशी रुंद होती, पण तिच्या उजव्या बाजूला काहीच नव्हतं. म्हणजे खरोखर काही नव्हतं, एकदम खाली शहरच. आमची पावलं गोगलगाईची, म्हणून मी भारतीला म्हटलं, तुम्ही दोघी पुढे व्हा, आम्ही येतो मागून. त्या वळणाआड गेल्या आणि बायकोच्या साडीचा पदर फडफडला.

आधी गवत आडवं झालं. मग तो आवाज आला. मी तो आवाज झोपेतही ओळखतो. मी तिथेच थांबलो. शेजारी रस्ते दाखवणाऱ्या पिवळ्या बाणांचा एक लोखंडी खांब होता, चांगला जमिनीत रोवलेला. बायकोच्या खांद्यावरच्या पिशवीत सुटकेस बांधायला वापरलेली नायलॉनची दोरी होती. (शेतकऱ्याजवळ दोरी नसली तर त्याला अंगावर कपडे नसल्यासारखं वाटतं.) मी बायकोला खांबाला टेकवून उभं केलं.

"अहो, हे काय करू राह्यले तुम्ही?"

"टेकू देऊ राह्यलो. सरळ उभी राहा."

"मी काय केळ आहे का?"

"पस्तीस वर्षांत कधी तुले पडू दिलं का मी? हात वर कर."

तिने हात वर केले. (आता ती कबूल करत नाही, पण तीही घाबरली होती.) दोरी तिच्या कमरेभोवती फिरवली, खांबाच्या दुसऱ्या बाजूला मी उभा राहिलो, माझ्या कमरेभोवती फिरवली आणि आमची केळीची गाठ मारली. ही गाठ ओढाल तितकी आवळते. ती सुटत नाही, कापणीला कोयत्यानेच तोडावी लागते. तीच तिची खुबी.

पाच मिनिटांत वारा पडला. ऊन आलं, पाखरं बोलू लागली. बायको म्हणाली, "झालं ना आता? सोडा." तेव्हा मला आठवलं की खिशातला चाकू विमानतळावरच काढून घेतला होता.

तेवढ्यात खालून माणसं आली. काठ्या टेकत एक म्हातारी, तिच्या मागे एक तरुण आणि एक पोरगी, मग आणखी चार-पाच जण. ती थांबली, आमच्याकडे बघितलं, आपसात काही बोलली. मला वाटलं आता हसतील. पण त्यांचे चेहरे एकदम गंभीर झाले. तरुणाने छातीवर हात ठेवून मान झुकवली. पोरगी आमच्या पायाशी मांडी घालून बसली. बघता बघता सगळेच बसले. बायकोचे हात मोकळे होते. आल्यागेल्याला रिकामं ठेवायचं नाही ही तिची सवय, म्हणून तिने बांधलेल्या अवस्थेतच पिशवीतून केळीचे वेफर काढले आणि सगळ्यांना वाटले.

आम्ही येत नाही म्हणून भारती आणि जुई परत आल्या, तर हा देखावा. भारती त्या लोकांशी बोलली आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"पप्पा, हे लोक विचारू राह्यले, तुमची मागणी काय आहे?"

"कसली मागणी?"

"इकडे लोक स्वतःले असं बांधून घेतात आंदोलनात. जंगल वाचवा, नदी वाचवा, असं. ते म्हणतात, आम्ही तुमच्यासोबत आहोत."

"त्यांना सांग, मागणी एकच आहे. आम्हाले खाली न्या."

भारतीने ते सांगितलं की नाही, मला माहीत नाही. मी जुईकडे बघत होतो. ती हातात वही धरून उभी होती. बारावं पान अजून कोरंच होतं, माथ्याच्या जवळ जाऊनही तिने शिक्का मारला नव्हता.

"आजोबा, तुम्ही घाबरले?"

मला नाही म्हणता आलं असतं. जंगल वाचवतोय, असंही म्हणता आलं असतं. पण त्या पोरीने माझ्यासाठी एक पान राखून ठेवलं होतं, आणि मला फार लाज वाटली.

"हो बेटा. खूप घाबरलो."

"असीरगडला पण घाबरले होते?"

"असीरगडला मी जीपमध्ये होतो."

"अन जीपमध्ये पण डोळे मिटलेले होते," खांबाच्या पलीकडून बायको म्हणाली.

म्हातारीने पाठीवरच्या पिशवीतून पाव कापायची सुरी काढली आणि दोरी तोडली. तोडण्याआधी मात्र तिने गाठ दोन्ही बाजूंनी निरखून बघितली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. गाठीची तेवढी कदर बहादरपुरातसुद्धा कोणी केली नव्हती.

मला वाटलं आता खाली जायचं. पण जुईने तुटलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतःच्या मुठीत धरलं आणि म्हणाली, "खाली नका पाहू. माझे बूट पाहा." मी तिचे लाल बूट बघत चालत राहिलो. मागून बायको, तिच्यामागे भारती, आणि वेफर संपेपर्यंत ते सगळे आंदोलकही आले. माथ्यावर जुईच्या हातावर मी हात ठेवला आणि शिक्का मारला. माझा हात इतका कापत होता की शिक्का दुहेरी उमटला. तिच्या वहीत त्या डोंगराला आजही दोन शिखरं आहेत.

डिसेंबरात भारती तिला घेऊन बहादरपुरात आली. मी जुईला बागेत नेलं. ओळीने उभी असलेली केळी, प्रत्येकीला बांबू, प्रत्येक बांबूला तीच गाठ. जुई बराच वेळ या ओळीतून त्या ओळीत फिरत होती. मग एका खोडावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, हे सगळे पण घाबरले?"

"झाडं कुठे घाबरतात बेटा. बांधणारा घाबरतो."

तिने खोडाजवळची गाठ ओढून बघितली. "मग तुम्हाले इथे कोणी नाही बांधलं?"

मी वर बघितलं. केळीचं एकही पान हलत नव्हतं. तरीपण खिशात हात घालून, दोरी आहे ना, ते बघून घेतलं.