गिटारीची खाच आणि मेहुण्याचे पुणे

"दाजींनी पोरीच्या गिटारीचा पार तंबोरा करून टाकला व्हता. मग रविवारी ती गिटार पुण्याला गेली, तिथल्या कारागिरानं ती नीट केली, म्हणून तर पोरगी गॅदरिंगला वाजवू शकली. न्हाईतर बँडातनं तिची उचलबांगडीच व्हती!"

हे कथन माझ्या मेहुण्याचे आहे. तासगावला बेदाण्याच्या शेडवर, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर मी समोर बसलेलो असताना माझ्याच घरी त्याने ते ऐकवले आहे. ऐकणारे हसतात आणि माझ्याकडे पाहतात. यातील पहिले वाक्य मला निम्मे मान्य आहे. उरलेले सर्व असत्य आहे, आणि ते असत्य का आहे हे लिहून ठेवण्याइतकी माझी बोटे अजून चालतात.

प्रथम माझी योग्यता सांगतो, कारण तिच्यावरही मेहुण्याचा आक्षेप आहे. तरुणपणी मी साताऱ्यातील एका बेंजो पार्टीत वाजवीत असे. बेंजो म्हणजे गळ्यात अडकवायचे, टाइपरायटरसारखी बटणे बसवलेले तारांचे वाद्य. डाव्या हाताने बटणे दाबायची आणि उजव्या हाताच्या चिमटीतील पिकने, म्हणजे छोट्या चकतीने, तारा छेडायच्या. वरातीत नवरदेवाचे मित्र थकत नाहीत तोवर हा उजवा हात थांबत नाही. त्या काळी माझा हात जिल्ह्यात सर्वांत वेगवान होता, असे माझे मत आहे. दुसऱ्या कोणाचे तसे मत असल्याचे माझ्या कानी आलेले नाही.

आता मी सांगलीला मुलाकडे राहतो. नात इंजिनिअरिंग शिकते आणि कॉलेजच्या बँडमध्ये सात तारांची गिटार वाजवते. त्यांच्या संगीताला ती मंडळी प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात. त्यात ताल मध्येच बदलतो, बदलला म्हणून कोणी दिलगिरी व्यक्त करीत नाही, आणि सर्वांत जाड तार इतक्या खालच्या स्वरात लावलेली असते की प्रथम ऐकली तेव्हा मी उठून पाण्याची मोटर बंद करायला गेलो.

यंदाच्या गॅदरिंगसाठी त्यांनी स्वतः रचलेल्या गाण्यात एक अतिवेगवान जागा होती. नातीचा हात तिथे अडखळे. बँडमधील ड्रमवाल्याने तिला स्पष्ट बजावले: गॅदरिंगपर्यंत जागा स्वच्छ आली नाही, तर ती कीबोर्डला देऊ, तू मागे साथ कर. ती जागा नातीनेच रचलेली होती. त्या दिवसापासून ती ताटावर बसली तरी कोणाशी बोलेना.

मी तिचा सराव दारातून पाहिला. दोष उघड होता. ती कोपरापासून हात हलवीत होती, पिक आवळून धरीत होती आणि तारांत खोल घुसवीत होती.

"मनगटातून हलव," मी म्हणालो. "पिकचं नुसतं टोक लागू दे. खाली-वर, खाली-वर. तारेला मारायचं नसतं गं, पुसून जायचं."

"आबा, ही वरात नाही."

"वरातीत चालत चालत वाजवतात. तुम्हाला तर एका जागी उभं राहायचं असतं."

"मग दाखवा ना वाजवून!"

मी गिटार घेतली. मेटलमध्ये उजव्या तळव्याची कड तारांवर टेकवून आवाज दाबतात आणि हात तसाच ठेवून पिक चालवतात. हे मला ठाऊक नव्हते. तळवा टेकला की माझे पिक थांबे, पिक चालले की तळवा उचलला जाई. अखेर पिक निसटून माझ्याच चहात पडले. नातीने ते चमच्याने काढले आणि "बरं" एवढेच म्हणाली. पुढचे सर्व त्या "बरं"मुळे घडले.

माझ्या मनाने घेतले की हाताइतकाच दोष तारांच्या उंचीचाही असणार. तारा जितक्या खाली, तितका वेग अधिक. मिरज आमच्या शेजारीच. तिथे तंबोऱ्याची घोडी घासून आणि तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, म्हणजे तारेचा नाद उघडून झणझणत राहील असा करतात. ते काम मी एकदा एका दुकानात उभ्या उभ्या पाहिले होते. तेवढ्या अध्ययनावर मी, नात कॉलेजला गेलेली असताना, बारीक कानस घेतली आणि गिटारीच्या मानेच्या टोकाशी ज्या हाडाच्या पट्टीतून तारा जातात तिच्या खाचा खोल केल्या. वर धागेही घातले.

संध्याकाळी तिने गिटार ॲम्प्लिफायरला जोडली. जाड तार मोकळी छेडताच मोहोळ उठल्यासारखा आवाज झाला. मेहुणा नेमका तेव्हाच द्राक्षांची पेटी घेऊन दारात उभा.

"दाजी, ह्यो आवाज गिटारीचा हाय व्हय? मला वाटलं, मिक्सरात चमचा पडला!"

नात हसली नाही. तिने धागे काढले, तरी तार मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांना आपटून खडखडतच राहिली. घासलेले हाड परत येत नाही. हाडाची नवी पट्टी बसवायला पुणे गाठावे लागणार होते, आणि गॅदरिंगपूर्वी एकच रविवार उरला होता.

"आबा, आता माझी जागा गेली," ती म्हणाली. "कशाला हात लावलात?"

मी जवारीचे शास्त्र समजावू लागलो.

"आता तरी गप बसा," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या. मी बसलो.

इथवरचे मेहुण्याने पाहिले. पुढचे त्याने पाहिलेले नाही, म्हणून तो ते रचतो. दुसऱ्या दिवशी नातीच्या लक्षात आले की जोराने मारली तरच तार खडखडते. हलक्या हाताने छेडली तर स्वच्छ बोलते. तिने मेट्रोनोमचा ठोका अगदी संथ लावला. हात जड पडला की तार तक्रार करी, ती थांबे आणि पुन्हा सुरुवात करी. मी दाराशी बसून असे. बोलायला मला मनाई होती. हळूहळू पकड सैल झाली, कोपर शांत झाले, हालचाल मनगटात उतरली आणि वेग आपसूक आला. पुण्याचा बेत तिने स्वतःच रद्द केला. माझ्या उपदेशाने जे साधले नव्हते, ते माझ्या कानशीने साधले. हाच माझा मूळ हेतू होता, असे मी घरात सांगून पाहिले. कोणी ऐकले नाही, म्हणून हेतूचा दावा मी मागे घेतो. परिणामाचा दावा सोडणार नाही.

गॅदरिंगला ती जागा तिनेच वाजवली. मी पहिल्या रांगेत कानांत कापूस घालून बसलो होतो. तरीही प्रत्येक स्वर सुटा ऐकू आला. बक्षीस एका लावणीला मिळाले, आणि ते योग्यच होते.

मेहुण्याचा तर्क असा की खडखडाट गेला, त्या अर्थी गिटार दुरुस्त झालीच असणार. पुण्याचा तो कारागीर या तर्काच्या पोटी जन्मला आहे.

"हात हलका केला म्हनं! दाजी, त्या रविवारी गिटार घरात नव्हती, व्हय का न्हाई?"

नव्हती. हे मी सर्वांसमक्ष मान्य करतो. त्या रविवारी आम्ही सारे म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेलो होतो आणि सराव चुकू नये म्हणून नातीने गिटार बरोबर घेतली होती. गाडी मेहुण्याची होती, चालवत तोच होता, आणि वडूजला व्याह्यांकडे चहा घेऊन निघताना, मागच्या सीटवरून पुढे आलेले गिटारीचे टोक आपल्या मानेला टोचते म्हणून ती हलवायला लावली, तीही त्यानेच.