सुईचा अर्धा फेरा

रत्नागिरीत इंजिनाच्या डोक्यावर थुंकून त्याचा ताप मोजणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्या बायकोचा सख्खा काका होता. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा ते पडवीत पाटावर बसून एका मुठीत मावणाऱ्या इंजिनावर नेम धरून थुंकले आणि डोळे मिटून आकडे मोजू लागले. थुंकी चर्र करून उडाली. "बरोब्बर तीन," ते म्हणाले. "एकातच उडाली तर तापलंय, बसून राहिली तर अजून गार आहे. या जावईबापू, हात धुवा." मी कॉलेजात केमिस्ट्रीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तापमापकं रोज पुसून पेटीत ठेवणारा माणूस. त्या दिवशी मी भात दुसऱ्यांदा घेतला नाही.

काका बंदरावर मच्छीमारी लाँचींची इंजिनं दुरुस्त करत. लाँच खाडीच्या तोंडाशी असतानाच जेटीवर उभे राहून ते सांगत, "दुसरा सिलिंडर रुसलाय." लाँच चालवणारा तांडेल खाली उतरून बघे तर तसंच असे. या कानावर त्यांचं घर चाललं होतं आणि थोडाफार गर्वही. त्यांचा मुलगा बोटीवर नोकरीला. त्याने जपानहून हातभर लांबीची, रेडिओवर चालणारी मोटार आणली. शोकेसमध्ये ठेवायला म्हणून आणली. पण तिच्यात आवळ्याएवढं खरंखुरं इंजिन होतं, आणि हे कळल्यावर काकांनी ती दुसऱ्याच दिवशी सुटी करून केळीच्या पानावर मांडली. शोकेस रिकामी राहिली.

नवं इंजिन म्हणजे बाळंतीण, असं त्यांचं म्हणणं. इंधनाच्या पहिल्या टाक्या संथ चालवायच्या, तेल भरपूर पाजायचं, वारा लागू द्यायचा नाही. चालवून झालं की टाकी रिकामी करून आत तेलाचे चार थेंब सोडायचे आणि पंचाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवायचं. हवेच्या तोंडावर तेलात भिजवलेला स्पंज, कारण आमच्याकडच्या तांबड्या धुळीचा एक कण आत गेला तर पिस्टन सोलवटेल. काकी हे सगळं दारातून बघत आणि म्हणत, "माझ्या बाळंतपणात हे दाभोळला लाँचीखाली पालथे पडलेले होते."

इंधनाचं तर काही विचारू नका. त्यात एरंडेल लागे. काका ते डबा भरून आणत. दुकानदाराने एकदा काळजीने विचारलं, "घरात सगळ्यांचीच पोटं धरलीत काय हो?" काका म्हणाले, "नाय, एकट्या मोटारीचं." त्यात घालायच्या नायट्रोमिथेनचे दोन डबे मुलाने आणलेले, आणि मिथेनॉल मी आमच्या पुरवठादाराकडून मागवून द्यायचो. हे मिश्रण ते कोकम सरबताच्या बाटलीत ठेवतात हे मला कळलं तेव्हा काकींनी ती बाटली पाहुण्यांसाठी ताटात घेतली होती. मी ती ताटातून उचलली. "काका, हे विष आहे." काका शांतपणे म्हणाले, "सरबत लाल असतं, हे पिवळं. डोळे कशाला दिलेत देवाने?" त्याच दिवशी मी कुलपाचं कपाट आणून दिलं. त्यात त्यांनी सरबत ठेवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन बाटल्यांची अदलाबदल मीच केली.

पण त्यांचा खरा जीव सुईत. इंजिनाला किती इंधन मिळायचं ते एक बारीक सुई ठरवते. आत फिरवली की इंधन कमी, वेग जास्त, ताप जास्त. बाहेर फिरवली की धूर. काका रोज सकाळी कानाने सुई लावत आणि ती जागा माझ्या बायकोच्या नेलपॉलिशच्या ठिपक्याने पक्की करत. त्यांची मोटार नेहमी भरपूर धूर सोडत, जरा सुस्तच चाले. "इंजिनाला तहान लागू द्यायची नाय," हे त्यांचं ब्रह्मवाक्य. "तुम्ही प्रयोगशाळेतले, तुम्हाला वास कळतो. आवाज नाय कळायचा." हे ते मला दर भेटीत ऐकवत. हसून घ्यायचो, पण लागायचं.

मुलगा रजेवर आला तेव्हा आम्ही तिघं मोटार घेऊन सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावर गेलो. रिमोट त्याच्या हातात. "बाबा, ही मोटार की राजापूरची एस.टी.?" तो म्हणाला. काका आवाज ऐकायला दूरच्या टोकाला जाऊन उभे राहिले. इंजिन चालू होतं आणि मोटार धरून मी बसलो होतो. काकांची लाज राखावी असं वाटलं. आवाज मलाही कळतो हे दाखवावं असंही वाटलं. दुसरं कारण पहिल्यापेक्षा मोठं होतं, हे आज लिहितो. मी सुई अर्धा फेरा आत फिरवली आणि मोटार सोडली.

तिने जो वेग घेतला तो पाहून मुलाचं तोंड उघडंच राहिलं. काकांनी मात्र हात वर केला. "आवाज बारीक झाला. धूर पण दिसत नाय. थांबव रे मेल्या."

"वारा आहे काका," मी ओरडून म्हणालो.

पुढच्या फेरीत माझ्यापासून दहा पावलांवर टक् असा आवाज आला आणि मोटार घसरत थांबली. मी धावत पहिला पोचलो. इंजिन भाजत होतं. बोट पोळलं, तरी सुई पुन्हा ठिपक्यावर आणली आणि हात खिशात घातला. काका आले. वाकून थुंकले. एक म्हणायच्या आत थुंकी उडाली. इंजिनाचं चाक फिरवून पाहिलं, फिरेना; पिस्टन आत अडकला होता. सुई पाहिली. ठिपका जागेवर.

"सुई बरोबर आहे," ते मुलाला म्हणाले. "म्हणजे सकाळी मीच चुकीचं ऐकलं. आत्ता पण मला आवाज बारीक वाटला, आणि तो वारा होता."

मी गप्प राहिलो. माणूस इतका गप्प राहू शकतो याचा धक्का मला अजून बसतो.

महिन्याभरात एक तांडेल घरी आला. "काका, नुसते जेटीवर उभे राहा, बाकीचं पोरं करतील." काका म्हणाले, "माझा कान आता वारा आणि इंजिन वेगळं करत नाय. दुसरा कोणी बघ." बंदर तिथेच सुटलं. नंतर ते सुपाऱ्या सोलत बसत. मी सहा वर्षं दर सणाला त्यांच्या पडवीत चहा प्यायलो, आणि बोटावरचा डाग दिसू नये म्हणून कप डाव्या हातात धरला.

गेल्या मार्गशीर्षात कप उजव्या हातात घेतला आणि म्हणालो, "काका, त्या दिवशी सुई मी फिरवली होती."

त्यांनी सुपारी खाली ठेवली. "किती?"

"अर्धा फेरा. आत. नंतर परत जागेवर आणली."

मी शिव्यांची वाट पाहत होतो. आल्या असत्या तर बरं झालं असतं.

"म्हणजे आवाज बारीक झाला होता."

"हो."

"आणि वारा?"

"वारा नव्हता, काका."

ते बराच वेळ माझ्या बोटाकडे बघत राहिले. मग आत वळून म्हणाले, "अगो, वारा नव्हता." काकी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "कसला वारा?" खाडीत कुठलीशी लाँच येत होती. मला नुसती फटफट ऐकू येत होती. काका उठले. "माझ्या बंदरावरच्या चपला कुठे गो?"

"त्या कधीच टाकल्या," काकी म्हणाल्या.

काका अनवाणीच अंगणाच्या टोकापर्यंत गेले, खाडीकडे कान करून उभे राहिले आणि डोळे मिटून त्यांनी लाँचीचे ठोके मोजायला सुरुवात केली.