पाववाल्याचा साक्षीदार

जगात जे जे काही चांगलं होतं ते आपण पोचायच्या थोडं आधीच संपलं, यावर माझ्या वहिनीच्या मामांइतकी निष्ठा ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. बटाटे पूर्वीचे, आगगाड्या पूर्वीच्या, थंडीसुद्धा पूर्वीची. ज्या घरमालकिणीला त्यांनी दोन वर्षं रोज शिव्या दिल्या, ती, यांनी खोली सोडल्याबरोबर, ‘काय बाई होती ती’ या सदरात गेली आणि नव्या मालकिणीच्या डोक्यावर मिरे वाटू लागली. साठ सालाच्या आसपास मी जर्मनीत एर्लांगेनला शिकायला निघालो तेव्हा आईनं लोणच्याच्या बरणीबरोबर मामांचा पत्ताही बांधून दिला होता. ‘आपलं माणूस आहे, धरून राहा,’ असं तिनं बजावलं. मी पोचल्यावर मामांनी मला नखशिखान्त न्याहाळलं, कपभर चहा दिला आणि पूर्वी इकडे येणारी मुलं कशी धिप्पाड असत ते सांगितलं.

मामा माझ्या पाचसहा वर्षं आधी तिथे आले होते. म्हणजे ‘पूर्वी’ म्हणायला त्यांच्याजवळ भांडवल तसं बेताचंच होतं. विद्यापीठाच्या एका संस्थेत ते काचेवर संशोधन करत. काच किती तापवली की किती वाकते, असा काहीसा विषय होता. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, ते मी असेपर्यंत राहिलेलंच होतं. वय चाळिशीच्या पुढे गेलेलं, लग्न नाही. सुरुवातीला सांगलीच्या घरून येणाऱ्या प्रत्येक पत्रात ‘कधी येतोस’ असं असे. पुढे तो प्रश्न आपोआप गळला आणि तब्येतीची चौकशी तेवढी उरली. हे मामांनी मला एकदा कांदा चिरता चिरता सांगितलं, त्यामुळे डोळ्यांतलं पाणी कशाचं ते विचारायची सोय नव्हती.

पण मामांचं खरं आयुष्य संस्थेत नव्हतं, ते रविवारी दुपारी बर्फावर होतं. आगगाडीनं तासा-दीड तासावर एक लहानसं गाव आहे. तिथे तळ्याकाठी उघड्यावर आइसहॉकीचं मैदान आहे. त्या गावच्या संघाचे मामा भक्त होते, आणि या भक्तीचा उगम एका शब्दात होता. जर्मनमध्ये बर्फालाही ‘आइस’ म्हणतात आणि आइस्क्रीमलाही, पण शिकवणीच्या पहिल्याच आठवड्यात मामांनी ‘आइस’ म्हणजे आइस्क्रीम एवढंच पाठ केलेलं. त्यामुळे स्टेशनावर ‘आइसहॉकी’ अशी जाहिरात वाचून त्यांनी सरळ अर्थ लावला, की हॉकीचा सामना आहे आणि आइस्क्रीमची सोय आहे. जानेवारीत आइस्क्रीम म्हणजे जरा अतीच, पण गोऱ्या लोकांचं काय सांगावं. हॉकी तर आपलाच खेळ, चार गोष्टी समजावूनही सांगता येतील, अशा परोपकारी विचारानं ते गाडीत बसले. पायात मोजे, आणि मोज्यांवर कोल्हापुरी वहाणा.

तिथे काय दिसलं ते मामा दर वेळी नव्या धक्क्यानं सांगत. मैदानाच्या जागी बर्फ, चेंडूच्या जागी रबराची काळी चकती, पायांत सुऱ्या बांधलेले बाप्ये एकमेकांना फळ्यांवर आपटताहेत, आणि आइस्क्रीमचा पत्ता नाही. वर बर्फ भुरभुरत होता. कठड्याशी माणसांची भिंत उभी. मामा मागे टाचा उंचावून उभे होते आणि वहाणांतून त्यांचे पाय हळूहळू परके होत चालले होते. तेवढ्यात कठड्याजवळच्या एका आडव्या बांध्याच्या म्हाताऱ्यानं वळून त्या वहाणांकडे पाहिलं, शेजाऱ्याला कोपरानं ढकललं, स्वतः वीतभर सरकला आणि म्हणाला, ये, इथे मावशील.

“आल्झो, तर काय,” मामा इथे नेहमी थांबायचे. “या देशात येऊन मला तीन महिने झाले होते. खानावळीत चार खुर्च्यांच्या टेबलावर एकटा माणूस बसलेला असतो, तरी विचारावं लागतं, जागा आहे का म्हणून. आपणहून कोणी सरकलं ते तेव्हा पहिल्यांदा.”

तो म्हातारा निवृत्त पोस्टमन होता. तळ्याकडून येणारा वारा तो आपल्या रुंद पाठीवर घेई आणि त्याच्या आडोशाला मामा उभे राहत. त्याच्याभोवती गावातल्या सातआठ म्हाताऱ्यांचं कोंडाळं असे. समोर चाललेला सामना ते फक्त तुलनेपुरता पाहत. त्यांचा खरा सामना फार पूर्वी, कृत्रिम बर्फ नव्हता तेव्हा, गोठलेल्या तळ्यावर झालेला होता आणि अजून संपायचा होता. त्या काळातला त्यांचा देव म्हणजे गोल राखणारा पाववाला. हा पहाटे भट्टीवर पाव भाजायचा आणि तसाच, भुवयांना पीठ लागलेला, तळ्यावर यायचा. नडग्यांना पिठाची जुनी पोती गुंडाळायचा. चकती दिसण्याआधी त्याला ऐकू येई म्हणत. दुसरा एक घड्याळजी होता. तो गोलाकडे न बघता गोल करी, कारण बघणं त्याला कमीपणाचं वाटे. दोघंही पुढे युद्धातून परत आले नाहीत. ही गोष्ट कोणी बोलून दाखवत नसे, फक्त त्यांची नावं निघाली की टोप्या जरा सारख्या केल्या जात.

मामांनी हे सगळं पुराण आत्मसात केलं, इतकंच नव्हे तर त्याचे ते कीर्तनकार झाले. आताच्या संघाचा गोलरक्षक कायद्याचा विद्यार्थी होता. त्यानं कितीही अडवलं तरी मामा मान हलवत म्हणत, “अडवली रे, पण पाववाल्यानं ती झेलून परत विचारलं असतं, आणखी आहे का म्हणून.” पुढच्या फळीत एक तेल लावून केस चापून बसवणारा तरुण होता. त्याच्यावर तर मामांचा विशेष राग. डोक्याला तेल लावणारा माणूस बर्फावर कधी विश्वासू नसतो, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि तो मांडताना त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरून खोबरेल ओघळत असे. एकदा माझ्या खोलीत लाटणं आणि डब्याचं झाकण घेऊन त्यांनी पाववाल्याची प्रसिद्ध झेप करून दाखवली. त्यात माझ्या मालकिणीचा चिनी मातीचा जग कामी आला. आवाज ऐकून ती धावत आली, तर मामांनी तिलाच विचारलं, की डावा गुडघा आधी टेकायचा की उजवा. बाई त्याच गावची निघाली. जग विसरून ती म्हणाली, “डावा. पण तुम्ही फार सावकाश पडता.”

या सगळ्यात मामांची एक लकब होती, ‘आमच्या वेळी’. आमच्या वेळी तळ्यावर फळ्या नव्हत्या. आमच्या वेळी बर्फ आम्हीच झाडायचो. मी बरेच दिवस मान डोलवली. मग एका रविवारी परतीच्या गाडीत मनाशी हिशेब केला आणि म्हटलं, “अहो मामा, पाववाला खेळत होता तेव्हा तुम्ही सांगलीला शाळेत असणार.”

मामांनी खिडकीबाहेर पाहिलं. नंतर अतिशय शांतपणे विचारलं, “महाराजांनी खानाचा कोथळा काढला तेव्हा तू प्रतापगडाच्या कुठल्या बुरुजावर उभा होतास? नव्हतास ना? मग चौथीत असताना ‘आपण जिंकलो’ म्हणून बाकावर चढून ओरडलास, ते कशाच्या जोरावर?” मी ओरडलो होतो हे त्यांना कोणी सांगितलं कुणास ठाऊक. बहुधा सगळेच ओरडतात. स्टेशन जवळ आलं तेव्हा मफलर गुंडाळत म्हणाले, “सांगलीत आता माझ्या वेळचं काही उरलं नाही. इथे माझी वेळ अजून यायचीय. माणसानं ‘आमच्या वेळी’ म्हणायचंच नाही का रे?”

मला त्या क्षणी त्यांची फार कीव आली, आणि कीव आली म्हणून माझाच मला राग आला. कारण मीही त्या देशात एकटाच होतो. फक्त माझ्याजवळ परतीचं वर्ष ठरलेलं होतं.

त्याच हिवाळ्यात तो प्रसंग घडला. कठड्याशी एक नवा तरुण आला होता, शहरात शिकणारा, चुणचुणीत. मामा नेहमीप्रमाणे पाववाल्याची झेप सांगत होते. तरुणानं नीट ऐकून घेतलं आणि सभ्यपणे विचारलं, “पण तुम्ही त्याला पाहिलं होतं का?”

कोंडाळ्यातल्या म्हाताऱ्यांना सगळं ठाऊक होतं. ते काही बावळट नव्हते. पण इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, म्हणून त्याचं उत्तरही कोणी ठरवलेलं नव्हतं. मला दिसलं, की मामांचा हात कठड्यावरून निघाला आहे आणि ते पाऊलभर मागे, जिथे ते पहिल्या दिवशी टाचा उंचावून उभे होते तिकडे, सरकू लागले आहेत.

पोस्टमन पाइपमध्ये तंबाखू भरत होता. मान वर न करता तो म्हणाला, “माझ्या शेजारीच तर उभा होता हा. तेव्हाही असाच काकडत होता.”

“गेनाऊ,” कोंडाळ्यातून कोणीतरी दुजोरा दिला. दुसऱ्यानं तर वहाणांचीही आठवण काढली. तरुणानं टोपीला हात लावून क्षमा मागितली आणि सामना पुढे सुरू झाला. मामा पुन्हा कठड्याशी आले. त्या दिवशी त्यांनी कायद्याच्या विद्यार्थ्याला एकदाही नावं ठेवली नाहीत. परतताना गाडीत माझ्या गुडघ्यावर थाप मारून ते दोनदा म्हणाले, “ऐकलंस ना? काकडत होता म्हणाला.”

मी पदवी घेऊन पुण्याला परतलो. कॉलेजात शिकवू लागलो, लग्न झालं, मुलगी झाली. मामांची पत्रं आधी लांबलचक येत, मग आखूड होत गेली, मग नुसतीच नाताळची शुभेच्छापत्रं येऊ लागली. प्रबंध सुटला होता आणि संस्थेतच मोजमापं घेण्याची नोकरी त्यांनी धरली होती. पुष्कळ वर्षांनी कामानिमित्त मला पुन्हा तिकडे जायचा योग आला. रविवार होता आणि दिवस थंडीचे. मामांना कळवलं नाही. सरळ गाडी पकडून त्या गावी गेलो.

मैदानावर अर्ध्या भागात छप्पर आलं होतं. कठड्याचा जुना भाग मात्र अजून उघड्यावर होता, आणि तिथे मामा उभे होते. वाळले होते, कानांवर टोपी ओढलेली होती. भोवती सगळी पोरं. एकही म्हातारा दिसत नव्हता. पोस्टमन दोन हिवाळ्यांपूर्वी गेला, हे मला नंतर कळलं. मामांच्या डाव्या हाताला एका रुंद माणसापुरती जागा मोकळी होती. गर्दी असूनही तिथे कोणी उभं राहत नव्हतं, की मामा राहू देत नव्हते, कोण जाणे.

मी मागे जाऊन थांबलो. मामा पोरांना सांगत होते, की हा आत्ताचा खेळाडू ठीक आहे, पण त्या चापून केस बसवणाऱ्याची सर याला नाही. काय खेळायचा तो. असे खेळाडू आता व्हायचे नाहीत. मला हसू आवरेना. मग ओघानं पाववाला आला, भुवयांवरचं पीठ आलं, डाव्या गुडघ्यावरची झेप आली. विणलेली टोपी घातलेल्या एका मुलीनं मोठ्या कौतुकानं विचारलं, “आजोबा, तुम्ही खरंच पाहिलंय त्याला?”

तिच्या मनात शंका नव्हती. तरीही मामांनी डावीकडे मान वळवली. तिथे ती जागा होती आणि पलीकडे तळं. आता ‘हो’ म्हणायला कोणी नव्हतं, आणि ‘नाही’ म्हणायलाही कोणी उरलं नव्हतं. सगळ्या गावात पाववाल्याचा शेवटचा साक्षीदार म्हणजे सांगलीचा हा माणूस, ज्यानं त्याला कधी पाहिलेलं नव्हतं.

मी पुढे झालो आणि माझ्या गंजलेल्या जर्मनमध्ये म्हणालो, “पाहिलंय की. मी त्यांच्या शेजारीच उभा होतो.”

मामा वळले. माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले की मला वाटलं, ओळखलं नाही. मग मराठीत, त्या पोरांना कळू नये अशा बेतानं म्हणाले, “गाढवा, तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?”

मग कठड्याला धरून ते वीतभर सरकले आणि त्यांनी त्या मोकळ्या जागेकडे हात केला.

“ये, इथे उभा राहा. त्या बाजूनं वारा फार लागतो रे.”