घड्याळ कुशीवर झोपवा

घड्याळाच्या दुकानात घड्याळं कमी आणि गोष्टी जास्त साठतात. दुरुस्त झालेलं घड्याळ माणूस घेऊन जातो, पण ते देताना सांगितलेली गोष्ट इथंच ठेवून जातो. ती न्यायला कुणी परत येत नाही. कोल्हापुरात महाद्वार रोडजवळच्या एका बोळात माझं दुकान आहे, टेबलासमोर दोन स्टुलं मावतात एवढंच. त्या दोन स्टुलांवरून मी जेवढं ऐकलंय, तेवढं सगळ्या भावकीत मिळून ऐकलं नसेल.

हे किस्से मात्र अलीकडचे, माझा उजवा हात थरथरायला लागल्यानंतरचे. फार नाही थरथरत. पण घड्याळाचा स्क्रू मोहरीहून लहान असतो, आणि चिमटा त्याच्यावर टेकवायला जावं तर बोटं भलतीकडेच जातात. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. मुलगी पुण्याला असते. तिला कळलं की ती दुसऱ्या दिवशी येऊन शटर ओढणार आणि मला तिच्या सातव्या मजल्यावर नेऊन बसवणार. मुलगी गुणी आहे, पण तिथं मला ओळखतं कोण? इथं बायको गेल्यापासून घर खायला उठतं, तरी दुकान आहे म्हणून दिवसाला चार माणसं 'मामा' म्हणून हाक मारतात. रविवारी दुकान बंद असतं, त्या दिवशी संध्याकाळी मुलीचा फोन येईपर्यंत तोंडातून शब्द फुटलेला नसतो.

तर मी झाकण उघडणंच बंद केलं. सेलची घड्याळं समोरच्या मोबाईलवाल्याकडे पाठवतो आणि चावीच्या घड्याळांवर बाहेरून उपचार करतो. थट्टा नाही. चावीचं घड्याळ रात्री कसं ठेवता यावर त्याची चाल थोडी बदलते. उताणं ठेवलं तर बहुतेक घड्याळं जरा पुढं जातात, कुशीवर ठेवलं तर जरा मागं पडतात. दिवसभर पळालेलं घड्याळ रात्री कुशीवर झोपवायचं, की सकाळी ठिकाणावर. जुने कारागीर सगळेच हे सांगायचे. फक्त ते काम झाल्यावर सांगायचे, मी कामाऐवजी सांगतो!

*

मुरगूडचे एक पाटील आजोबांचं घड्याळ घेऊन आले. रोज पुढं पळायचं. मी म्हटलं, रात्री कुशीवर ठेवा, चावी वर करून. त्यांनी मान डोलावली आणि गेले.

पंधरवड्याने आले ते वैतागूनच. घड्याळ कुशीवर उभं राहीना, रात्रीतनं पालथं व्हायचं. मग त्यांनी डोकं चालवलं आणि दोन्ही बाजूंनी टेकू दिले. घरात हाताशी काय, तर गूळ. गुळाच्या दोन खड्यांमध्ये घड्याळ झोपवलं.

"टाइम बराबर आला बघा," पाटील म्हणाले, "पर मुंग्याबी आल्या की."

काचेच्या आत, बाराच्या आकड्यावर, एक मुंगी मरून पडली होती. झाकण उघडून ती काढायला हवी होती. मी म्हटलं, राहू दे पाटील, तेवढीच घड्याळाला सोबत. ते खदखदून हसले आणि तसंच मनगटावर बांधून गेले. मीही हसलो, पण मुंगी मला काढता आली नाही हे दिवसभर मनात राहिलं.

*

कसबा बावड्याच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एकजण. त्यांनाही तेच सांगितलं, रात्री काढून कुशीवर ठेवा. काही दिवसांनी तक्रार आली की घड्याळ सुधारलं, पण कामावर फार पंचाईत होते, सारखं दुसऱ्याला वेळ विचारावी लागते.

मला कळेना. मग उलगडा झाला. गडी रात्री कामावर घड्याळ काढून डब्याशेजारी कुशीवर ठेवायचा आणि सकाळी घरी आला की हातात बांधून झोपायचा!

"तुम्हीच म्हटलासा की, रात्री काढून ठेवा म्हणून."

*

वारणानगरच्या एक बाई आहेत, शाळेतून रिटायर झालेल्या. मिस्टर गेले, त्यांचं घड्याळ त्या रोज सकाळी चावी देऊन कपाटात ठेवायच्या. ते मागं पडायला लागलं. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. मी उताणं सांगितलं, पालथं सांगितलं, काही उपयोग नाही.

शेवटी मी म्हटलं, बाई, हे घड्याळ वर्षानुवर्षं हातावर राहिलेलं आहे. दिवसभर हलायची सवय आहे त्याला. नुसतं पडून राहिल्यावर मागं पडणारच.

बाईंनी जरा विचार केला. "मी घातलं तर चालेल?"

मी म्हटलं, न चालायला काय झालं. त्यांनी तिथंच बांधलं. पट्टा शेवटच्या भोकात घातला तरी घड्याळ कोपराकडे घसरायचं. कॉलनीतल्या बायका हसल्या म्हणे, एवढं बापयाचं घड्याळ कशाला घालताय म्हणून. बाईंनी काही काढलं नाही. महिन्याभराने आल्या तेव्हा घड्याळ एकदम वेळेवर होतं. मला आनंद झाला. मी म्हटलं, बघा, झालं ना बरं?

"हो, दिवसभर बरं असतं," त्या म्हणाल्या. "रात्री काढून ठेवताना वाईट वाटतं."

मी त्यांना चहा घ्या म्हटलं.

*

एकदा मात्र मी सापडलोच होतो. घरून कॉम्प्युटरवर काम करणारा एक तरुण आला, मनगटावर भारी घड्याळ. त्याच्या मोबाईलमध्ये घड्याळाची टिकटिक ऐकून आलेख काढणारं ॲप होतं. उताणं किती, पालथं किती, सगळं त्याला माझ्याहून जास्त ठाऊक. त्याचं म्हणणं एवढंच, की आता झोपवाझोपवी पुरे, झाकण उघडून आतला चाल कमी-जास्त करायचा काटा केसभर सरकवा. वर म्हणाला, "मामा, तुम्ही करा, मी व्हिडिओ काढतो."

त्याने मोबाईल माझ्या हातावर धरला. मी हात टेबलाखाली घेतला. व्हिडिओ काय, तासाभरात पुण्याला पोचतो. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे नजर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "आज अमावस्या हाय. अमावस्येला आम्ही झाकण उघडत न्हाय."

पोरगं खूश. त्याने तेवढाच व्हिडिओ टाकला. कोल्हापूरचा घड्याळवाला, अमावस्येला झाकण उघडत नाही! आठवड्याभरात अनोळखी पोरं दुकान शोधत यायला लागली.

मला वाटलं, वाचलो. पुढच्या पौर्णिमेला सकाळी शटर वर केलं, तर बाहेर पाचजण घड्याळं घेऊन उभे!

*

आता बापूंचं सांगतो. बापू माझ्याच वयाचे, स्टँडवर गाड्या सोडायचं काम केलेले. घरात एकटेच. दर सोमवारी सकाळी येतात, स्टुलावर बसतात, घड्याळ काढून माझ्यापुढे ठेवतात आणि म्हणतात, "दिनकरराव, परत पळालंय बघा." बघावं तर चार-पाच मिनिटं पुढं असतंच.

वर्षभर हे चाललंय. उताणं झालं, पालथं झालं, डावी कूस, उजवी कूस, चावी वर, चावी खाली. उशाला, फळीवर, तांदळाच्या डब्यावर. काही फरक नाही. मला वाटायला लागलं, आता हे उघडावंच लागणार, आणि त्या दिवशी आपलं सगळं उघडं पडणार.

गेल्या सोमवारी बापू घड्याळ माझ्याकडेच विसरून गेले. मी ते बरोबर लावलं, रोज चावी दिली, उताणं पालथं काही न करता ड्रॉवरमध्ये पडू दिलं. आठवडाभर माझ्या भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून बघत होतो. एक मिनिटसुद्धा पुढंमागं झालं नाही.

आज बापू आले. मी घड्याळ त्यांच्या हातात दिलं. ते रस्त्याकडे तोंड करून वळले आणि चहावाल्याला दोन चहाची खूण केली. शोकेसच्या काचेत मला त्यांची बोटं दिसली. चावी ओढली, जरा फिरवली, दाबली. मग वळून घड्याळ माझ्यापुढे ठेवलं.

"दिनकरराव, परत पळालंय बघा."

मी घड्याळ बघितलं. चार-पाच मिनिटं पुढं होतं.

तेवढ्यात चहा आला. चहावाला नवीन होता, त्याने दोन्ही ग्लास काठोकाठ भरून आणले होते. मी हात पुढं करायच्या आत बापूंनी माझा ग्लास उचलला, त्यातला अर्धा चहा बाहेर गटारीत ओतला आणि उरलेला अर्धा ग्लास हलकेच माझ्या उजव्या हाताजवळ ठेवला.

"बोला," ते म्हणाले, "ह्या आठवड्यात कुठल्या कुशीवर?"